साडेनऊ ते दीड

ऑफिसातल्या सकाळची इंग्रजी फार थोड्या शब्दांत भागते. पोचणे, हजेरी लावणे, मेल बघणे, फोन करणे, मीटिंगला बसणे, मधे एकदा चहा, शेवटी जेवायला उठणे. या क्रियांची इंग्रजी नावे मराठी माणसाला नोकरी लागण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक असतात. घरी बोलतानाही ‘मीटिंग पोस्टपोन झाली’, ‘मेल फॉरवर्ड कर’ अशीच वाक्ये येतात. तरी परगावच्या सहकाऱ्याला आपली रोजची सकाळ सलग इंग्रजीत सांगायची वेळ आली की अडखळायला होते, आणि ते अडखळणे बहुतेक दोन ठिकाणी होते: काळ सांगताना आणि आदर दाखवताना. मराठीत या दोन्ही गोष्टी क्रियापदाच्या रूपातच सांगून होतात. इंग्रजीत त्यांची सोय वेगळीकडे आहे, आणि ती शोधावी लागते.

सुरुवात पोचण्यापासून. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि कामाची वेळ सकाळी 9.45 ते संध्याकाळी 6.15 अशी ठरली. खासगी कंपन्यांत नऊ, साडेनऊ, दहा अशा वेळा असतात. ‘मी साडेनऊला ऑफिसला पोचतो’ या साध्या वाक्यात मराठी वक्त्याचे दोनदा अडते. ‘ऑफिसला’ मधल्या ‘ला’ ला जागा द्यायची म्हणून ‘आय रीच टू ऑफिस’ तयार होते. ‘रीच’ या क्रियापदाला मात्र ‘टू’ लागत नाही. ‘टू’ हवाच असेल तर ‘गेट’ वापरावे: ‘आय गेट टू वर्क अ‍ॅट हाफ पास्ट नाइन’. रोजच्या बोलण्यात हेच वाक्य सर्वांत सहज आहे. ‘वर्क’ च्या आधी उपपद लागत नाही, ‘ऑफिस’ च्या आधी ‘द’ लागते. भारतीय इंग्रजीत ‘गोइंग टू ऑफिस’ इतके रुळले आहे की ते चुकीचे म्हणणेही आता जरा जडच जाते, पण लंडनच्या कानाला तिथे ‘द’ गळलेला जाणवतो.

वेळेच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे. सव्वानऊ, साडेनऊ, पावणेदहा ही एकेका शब्दात सांगता येणारी वेळ इंग्रजीत ‘क्वार्टर पास्ट नाइन’, ‘हाफ पास्ट नाइन’, ‘क्वार्टर टू टेन’ अशी फोडून सांगावी लागते. ब्रिटिश माणूस बोलण्यात ‘हाफ नाइन’ म्हणतो ते साडेनऊच. जर्मन भाषेतले ‘हाल्ब नॉइन’ दिसायला तसेच असले तरी त्याचा अर्थ साडेआठ. पुण्यात जर्मन कंपन्या पुष्कळ, तेव्हा हा फरक तिथे उपयोगी पडावा. सर्वांत सुरक्षित मार्ग आकड्यांचा: ‘नाइन थर्टी’. ‘आज सकाळी’ चे ‘टुडे मॉर्निंग’ आणि ‘काल रात्री’ चे ‘यस्टरडे नाइट’ ही भाषांतरे भारतभर चालतात. बाहेर मात्र ‘धिस मॉर्निंग’ आणि ‘लास्ट नाइट’ म्हणतात. तासाला ‘अ‍ॅट’, वाराला ‘ऑन’, सकाळला ‘इन द’: मराठीत ‘नऊला’, ‘सोमवारी’, ‘सकाळी’ असे प्रत्ययाने भागते, त्यामुळे हे तीन शब्द पाठच करावे लागतात. त्यामागचे तर्कशास्त्र शोधण्यात वेळ घालवू नये.

आता मुख्य गोष्ट, काळ. रोजची सवय सांगायला इंग्रजीत साधा वर्तमानकाळ असतो: ‘आय टेक द एट-फिफ्टीन लोकल’, ‘आय चेक माय मेल फर्स्ट’. या क्षणी चाललेल्या कामासाठी चालू वर्तमानकाळ: ‘आय अ‍ॅम चेकिंग माय मेल’. मराठीतही ‘बघतो’ आणि ‘बघतोय’ असा भेद आहे, तेव्हा इथे गोंधळ व्हायचे कारण नव्हते. पण मराठीत ‘मी लोकलने येत असतो’ असेही म्हणता येते आणि तेही सवयीबद्दलच असते. त्या ‘येत असतो’ च्या वळणाने ‘आय अ‍ॅम कमिंग डेली बाय ट्रेन’ जन्माला येते. असणे, जाणणे, हवे असणे अशा स्थितिवाचक क्रियापदांनाही हेच ‘-इंग’ चिकटते: ‘आय अ‍ॅम हॅविंग टू मीटिंग्ज टुडे’, ‘आय अ‍ॅम नॉट नोइंग’. मुंबईचे कवी निस्सीम इझिकेल (1924–2004) यांनी निरोपसमारंभातल्या भाषणाच्या रूपात लिहिलेली ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ ही कविता याच लकबीवर उभी आहे. ती वाचून हसणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्याच दिवशी ऑफिसात तसेच एखादे वाक्य टाकलेले असते.

मराठी काळाचा आणखी एक खास खेळ असा की जे अजून झालेलेच नाही ते झाल्यासारखे सांगता येते. ‘आलोच!’ म्हणणारा अजून खुर्चीतून उठलेलाही नसतो. निघताना ‘जातो’ म्हणणे अशुभ, म्हणून ‘येतो’ म्हणायचे. तेच वाक्य ‘आय अ‍ॅम कमिंग’ असे इंग्रजीत उतरले आणि बोलणारा दाराबाहेर पडला, की समोरचा गोरा सहकारी चकित होतो. ‘आलोच’ ला ‘आय विल बी राइट देअर’, आणि ‘जरा जाऊन येतो’ ला ‘आय विल बी बॅक इन टेन मिनिट्स’. इंग्रजीत दहा मिनिटे म्हटली की समोरचा ती मोजतो, हे लक्षात ठेवून आकडा सांगावा.

पोचल्यावर हजेरी. सरकारी कार्यालयात हजेरीपट, इतरत्र मस्टर, आणि जिथे यंत्र आहे तिथे ‘पंच’ किंवा नुसते ‘थम’: ‘थम केलंस का?’ हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या कार्यालयांत रोज ऐकू येतो. कामगाराची वेळ नोंदवणारे घड्याळ अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावच्या विलर्ड बंडी या जवाहिऱ्याने 1888 च्या सुमारास बनवले. त्यात प्रत्येक कामगाराची आपली वेगळी किल्ली असे. कार्डावर वेळ छापणारी यंत्रे नंतर आली. बंडी कुटुंबाची कंपनी पुढे ज्या उद्योगसमूहात मिसळली त्याचेच नाव 1924 मध्ये आयबीएम झाले. त्या यंत्रांनी इंग्रजीला दोन क्रियापदे दिली: अमेरिकेत ‘पंच इन’, ब्रिटनमध्ये ‘क्लॉक इन’. आता कार्डही नाही आणि पंचही नाही, बोट टेकवायचे असते. पण क्रियापद राहिले. उशीर झाला की ‘लेट मार्क’, तो पुरेसा साठला की अर्धी नैमित्तिक रजा, म्हणजे ‘हाफ सीएल’, कापली जाते. ‘लेट मार्क’ हे इंग्रजी शब्दांनी घडलेले पक्के इथले नाव आहे. परदेशी माणसाला ते सरळ ‘दे मार्क मी लेट’ असे सांगावे.

मग नमस्कार-चमत्कार. ‘गुड मॉर्निंग’ बारा वाजेपर्यंत चालते, ‘गुड नाइट’ फक्त निरोप घेताना. रात्रपाळीच्या कॉल सेंटरमध्ये मात्र घड्याळ ग्राहकाचे असते, त्यामुळे रात्री नऊला ‘गुड मॉर्निंग’ म्हणण्यात काही वावगे नाही. ‘हाउ आर यू’ ला उत्तर म्हणून प्रकृतीचा तपशील देऊ नये. ‘फाइन, थँक्स, अँड यू?’ एवढ्यात ते मिटते. मराठी माणसाची खरी पंचाईत यानंतर येते. समोर साहेब असोत की शिपाई, इंग्रजीत सर्वांना ‘यू’. मराठीत तू, तुम्ही, आपण अशा तीन पायऱ्या आहेत आणि क्रियापदही त्याप्रमाणे बदलते: ‘बस’, ‘बसा’, ‘बसावे’. ‘यू’ मध्ये हे सारे सपाट होते. मग गमावलेला आदर वाक्यात कुठेतरी भरून काढावा लागतो, आणि भारतीय इंग्रजी तो ‘सर’, ‘मॅडम’, ‘काइंडली’ आणि ‘रिस्पेक्टेड’ यांनी भरते. ‘पवार सर’, ‘सर हॅज कम’ ही रूपे भाबडेपणाची म्हणून हसण्यावारी नेली जातात. खरे तर ‘सर आलेत’ मधले अनेकवचन इंग्रजीत मावत नाही म्हणून शोधलेली ती वाट आहे. भारतीय इंग्रजी ही चुकांची रास नसून आपल्या समाजाच्या गरजांनी घडलेली रीत आहे, ही भूमिका श्रीनगरमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शिकवणारे भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू (1932–2016) यांनी आयुष्यभर मांडली. रँडॉल्फ क्वर्क यांच्यासारख्या ब्रिटिश व्याकरणकारांचा आग्रह होता की शिकवताना एकच प्रमाण रूप समोर असावे. ऑफिसच्या सकाळपुरते पाहिले तर दोघांचेही थोडेथोडे बरोबर आहे. आपसांत ‘सर हॅज कम’ ने काही बिघडत नाही. मेलबर्नच्या ग्राहकाशी बोलताना ते टाळलेले बरे.

इंग्रजीतला आदर कुठे राहतो? बहुतांशी विनंतीच्या घडणीत. ‘जरा ती फाइल देता का?’ यातले ‘जरा’, ‘देता’ आणि ‘का’ मिळून जे काम करतात ते ‘कुड यू पास मी दॅट फाइल?’ मधला ‘कुड’ एकटा करतो. ‘प्लीज गिव्ह मी द फाइल’ हे ‘प्लीज’ असूनही आज्ञेच्या जवळ जाते. ‘एक काम करा’ चे ‘डू वन थिंग’ हे भाषांतर तर ऐकणाऱ्याला हुकूम वाटते, आणि बोलणाऱ्याच्या मनात आपण सल्ला दिला असे असते. जिथे मराठीत सौम्य आज्ञार्थ चालतो तिथे इंग्रजीत प्रश्न विचारावा, एवढे सूत्र पुष्कळ पुरते.

खुर्चीत बसल्यावरच्या कामांत ‘करणे’ हे क्रियापद सगळा गाडा ओढते. फोन करतात, मीटिंग करतात, चहा करतात, नोंद करतात, हिशेब करतात. इंग्रजीत फोन आणि नोंद यांना ‘मेक’, हिशेबाला ‘डू’, मीटिंगला ‘हॅव’ किंवा ‘होल्ड’, रजेला ‘टेक’. झेरॉक्स आपण काढतो म्हणून ‘टेक अ झेरॉक्स’. इंग्रज ‘मेक अ फोटोकॉपी’ म्हणतो. झेरॉक्स हे कंपनीचे नाव. तिचे 914 हे यंत्र 1959 मध्ये आले आणि इकडे कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानांच्या पाट्यांवर ते नाव वस्तूचेच होऊन बसले. ‘मला खूप कामं आहेत’ चे ‘आय हॅव मेनी वर्क्स’ होते, कारण मराठीत काम मोजता येते. इंग्रजीत ‘वर्क’ मोजता येत नाही, तशीच ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘इक्विपमेंट’ आणि ‘स्टेशनरी’ मोजता येत नाहीत. ‘अ लॉट ऑफ वर्क’ म्हणावे. पंखा आणि दिवा यांच्या बाबतीत ‘ऑन द फॅन’, ‘ऑफ द लाइट’ असे म्हणतात, तिथे आधी ‘स्विच’ किंवा ‘टर्न’ घातले की काम झाले.

मेल हा सकाळचा मोठा वाटा, आणि भारतीय कचेरीच्या इंग्रजीचे वय इथे सर्वांत स्पष्ट दिसते. ‘प्लीज डू द नीडफुल’ हा प्रयोग ब्रिटनमधल्या जुन्या व्यापारी पत्रांतून आला. तिकडे तो मागे पडला, इकडे टिकला. ‘आउट ऑफ स्टेशन’ मधले स्टेशन रेल्वेचे नव्हे, कंपनी सरकारच्या काळात साहेबाची नेमणूक असलेल्या ठाण्याचे. ‘रिसीव्ह्ड द सेम’, ‘काइंडली इंटिमेट’, सहीच्या जागी ‘एसडी/-’ ही सगळी त्याच पिढीतली मंडळी. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ सुरू झाले, इंग्रजी शिकलेल्यांना कचेऱ्यांत नोकऱ्या मिळू लागल्या, आणि पत्राचा नमुना एका कारकुनाकडून दुसऱ्याकडे उतरत गेला. महाराष्ट्रात कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या त्या ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’ हातात घेऊन, म्हणजे मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी करत. त्या पद्धतीने व्याकरण पक्के झाले यात शंका नाही. पण मराठी वाक्य मनात आधी तयार करायचे आणि मग ते उलटवायचे ही सवयही तिनेच लावली, आणि ‘टुडे मॉर्निंग’ चे मूळ त्या सवयीत शोधावे लागते. मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीपासून आली ती 2000 साली. त्या मुलांपैकी पुष्कळजण आता नोकरीत आहेत, तरी सवय पुरती गेलेली नाही.

आजच्या मेलमध्ये काय ठेवावे आणि काय टाकावे? ‘प्रीपोन’ ठेवावे, ‘पोस्टपोन’ च्या उलट सांगणारा इतका सुटसुटीत शब्द इंग्रजांकडे नाही आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशांनी तो भारतीय इंग्रजी म्हणून घेतला आहे. बाहेरच्या माणसाला लिहिताना ‘ब्रिंग फॉरवर्ड’. ‘रिव्हर्ट’ बाबत सावध राहावे: भारतात त्याचा अर्थ उत्तर देणे, इतरत्र पूर्वस्थितीला परतणे. ‘रिप्लाय’ किंवा ‘गेट बॅक टू यू’ कुठेही चालते. ‘नीडफुल’ च्या जागी नेमके काय करायचे ते लिहावे, कारण त्या शब्दात काम कोणते हे कधीच सांगितलेले नसते. ‘सीसी’ म्हणजे कार्बन कागदावरची प्रत. टंकलेखन यंत्रे गेली, कार्बन कागद गेला, पण साहेबांना ‘सीसीत ठेवणे’ हे ऑफिसच्या राजकारणातले शस्त्र म्हणून अजून धारदार आहे. ‘जेंटल रिमाइंडर’ तिसऱ्यांदा आला की त्यातला सौम्यपणा संपलेला असतो, हे दोन्ही बाजूंना कळते.

अकराच्या आसपास मीटिंग. हिंजवडी, खराडी, ऐरोली इथल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत ती उभ्याने होते, म्हणजे निदान नावाला. जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांनी 1995 मध्ये मांडलेल्या स्क्रम पद्धतीत रोज पंधरा मिनिटांची ही बैठक असते, आणि तिच्यात प्रत्येकाने तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची प्रथा पडली: काल काय केले, आज काय करणार, अडचण काय आहे. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेने 2020 मध्ये हे तीन प्रश्न काढून टाकले, कार्यालयांनी नाहीत. भाषा शिकणाऱ्याच्या दृष्टीने हे बरेच झाले, कारण तीन प्रश्नांत भूत, भविष्य आणि वर्तमान असे तिन्ही काळ रोज घोटून होतात.

आणि तिथेच मराठी ठसा सर्वांत खोल उमटतो. ‘मी काल रिपोर्ट पाठवला होता’ हे मराठीत अगदी साधे वाक्य आहे. ‘होता’ ने नुसते सुचते की ती गोष्ट मागची. त्याचे ‘आय हॅड सेंट द रिपोर्ट यस्टरडे’ झाले की इंग्रज पुढच्या वाक्याची वाट बघतो, कारण ‘हॅड’ चा अर्थ दुसऱ्या कुठल्यातरी घटनेच्या आधी. काल म्हटले की नुसते ‘सेंट’. ‘कालच पाठवलाय’ हेही मराठीत चालते, पण ‘हॅव सेंट’ बरोबर ‘यस्टरडे’ बसत नाही. ‘आय हॅव जस्ट सेंट इट’ म्हणजे आत्ताच. ‘दोन तासांपासून वाट बघतोय’ मधला ‘पासून’ ‘सिन्स’ होतो आणि ‘आय अ‍ॅम वेटिंग सिन्स टू अवर्स’ तयार होते. इंग्रजीत ‘सिन्स’ पुढे आरंभाचा क्षण येतो आणि ‘फॉर’ पुढे लांबी: ‘आय हॅव बीन वेटिंग सिन्स टेन’, ‘फॉर टू अवर्स’. ‘आजच करतो’ मधला लाडका ‘च’ ‘टुडे ओन्ली’ किंवा ‘टुडे इटसेल्फ’ होऊन येतो. त्याला अस्सल इंग्रजीत शब्द नाही, आवाजातला जोर आहे. आणि ‘बघतो’ चे ‘आय विल सी’. इंग्रजीत यातून होकार निघत नाही. मराठीत तरी कुठे निघतो? पण करायचे असेल तर ‘आय विल लुक इन्टू इट’ म्हणावे, त्यात निदान बघण्याचे वचन आहे.

समोर न्यूयॉर्क असेल तर सकाळ कोणाची हेही ठरवावे लागते. भारतीय वेळ वर्षभर ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. अमेरिका आणि ब्रिटन उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे करतात, तीही वेगवेगळ्या रविवारी. इथे सकाळचे दहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात मध्यरात्रीनंतरचे साडेबारा असतात, आणि हिवाळ्यात आदल्या दिवशीच्या रात्रीचे साडेअकरा. अशा बोलण्यात ‘टुमॉरो मॉर्निंग’ ला अर्थच उरत नाही. वार, तारीख आणि कोणाची वेळ हे सांगावे. ‘परवा’ हा शब्द मागचा आणि पुढचा दोन्ही दिवस दाखवतो आणि आपले कधी बिघडत नाही, कारण क्रियापद ते सांगते. इंग्रजीत मात्र ‘द डे आफ्टर टुमॉरो’ किंवा ‘द डे बिफोर यस्टरडे’ पूर्ण म्हणावे लागते.

फोनबद्दल थोडेच. ‘मायसेल्फ सचिन’ ऐवजी ‘धिस इज सचिन’. ‘बोला’ चे ‘टेल मी’ इकडे आपुलकीचे, तिकडे उतावळे. ‘हाउ कॅन आय हेल्प?’ बरे. नाव अक्षरांनी सांगताना ‘डी फॉर दिल्ली’ देशात चालते, बाहेर ‘डेल्टा’ अधिक समजते.

बारा वाजून गेले की ‘फर्स्ट हाफ’ संपत येतो. जेवणाआधीचा तो फर्स्ट हाफ, नंतरचा सेकंड हाफ, ही दिवसाची विभागणी भारतीय कार्यालयांची. इंग्रज ‘फर्स्ट हाफ’ ऐकला की फुटबॉलचा सामना किंवा वर्षाचे पहिले सहा महिने समजतो, म्हणून त्याला ‘बिफोर लंच’ सांगावे. ‘टिफिन’ हा शब्द यूल आणि बर्नेल यांच्या 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशातही आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांत, 1890 मध्ये, महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबेवाल्यांची व्यवस्था सुरू केली. ब्रिटनमध्ये टिफिन आता जवळजवळ विस्मरणात गेला आहे. तिकडे डब्याला ‘पॅक्ड लंच’. दीडच्या सुमारास कुणीतरी ‘जेवलात का?’ विचारतो. मराठीत ही चौकशी, त्याचे उत्तर ‘हो, तुमचं?’ एवढेच. ‘हॅव यू हॅड लंच?’ असे इंग्रजीत विचारले तर समोरचा ते आमंत्रण समजू शकतो, तेव्हा विचारणाऱ्याने बरोबर जेवायची तयारी ठेवावी.